वर्डची फाईल उघडली आणि ट्रोजन आत आला: पुसला तरी परत का येतो? (सांगली)

पेठभाग

मार्केट यार्डातल्या एका हळद-बेदाण्याच्या पेढीतल्या संगणकाबद्दल नेमका सल्ला हवा आहे. जमेल तेवढी माहिती देतो.

विंडोज १० प्रो, ऑफिस २०१०, टॅलीप्राइम. जीएसटीच्या विवरणपत्रासाठी डिजिटल सहीचा टोकन दिवसभर यूएसबीला लावलेला असतो. लॅनवर आणखी दोन मशिनं आहेत, त्यांतलं एक विंडोज ७. विंडोज अपडेट कुणीतरी पूर्वीच बंद करून ठेवलेलं आहे.

'पेमेंट ॲडव्हाइस' नावाची वर्डची फाईल मेलवरून आली. उघडली तर पान जवळजवळ कोरं. मॅक्रो (फाईलच्या आतला छोटा प्रोग्राम) चालू करायला सांगणारी पिवळी पट्टी आली नाही, कुणी 'एनेबल कंटेंट' दाबलं नाही. त्या दिवसापासून संगणक सुरू केला की दोन-तीन मिनिटांत डिफेंडरचा (विंडोजमधल्या अँटीव्हायरसचा) इशारा येतो. दोन नावं दिसतात: 'एक्सप्लॉइट, ओ९७एम, सीव्हीई-२०१७-११८८२' आणि 'ट्रोजन, एमएसआयएल, एजंटटेस्ला'. 'काढून टाका' दाबलं की 'काढलं' म्हणतो. रीस्टार्ट केला की पुन्हा तेच.

मॅक्रो न चालवता हा आत आला कसा? पुसल्यावर परत का येतो? आणि फॉरमॅट मारावंच लागेल का?

कृष्णाकाठ

बाकीचं नंतर. आत्ता ताबडतोब एवढं करा.

लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा. डिजिटल सहीचा टोकन उपसून ठेवा. त्या मशिनवर बँक, जीएसटी, मेल यांपैकी काहीही उघडू नका, आणि पासवर्ड बदलण्यासाठी तर मुळीच नको. सगळ्यात मोठी चूक तिथंच होते. एजंटटेस्ला हा दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा चोर आहे. त्याच मशिनवर बसून नवा पासवर्ड टाकला म्हणजे नवा पासवर्डही त्याच्याच हातात दिला.

डिफेंडरच्या 'प्रोटेक्शन हिस्टरी'त जाऊन दोन्ही नोंदी उघडा. 'अफेक्टेड आयटम्स'खाली फाईलचा पूर्ण पत्ता असतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढा. हिस्टरी साफ करू नका. चोर कुठून आला, कुठं बसला याचा पहिला पुरावा तोच.

पेढीच्या मेलचा आणि नेटबँकिंगचा पासवर्ड मोबाईलवरून, मोबाईलच्याच डेटावर, आजच्या आज बदला.

दंडोबा

दोन नावं दिसतात म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही फोड नीट समजली की तिन्ही प्रश्नांची उत्तरं सुटत जातात.

ट्रोजन म्हणजे चोर. तो स्वतःहून पसरत नाही, त्याला कुणीतरी आत आणावं लागतं. एक्सप्लॉइट म्हणजे त्याला आत घेणारी किल्ली. एखाद्या प्रोग्रामात राहून गेलेल्या चुकीचा, म्हणजे फटीचा, फायदा घेणारा तुकडा. तुमच्या यादीतलं पहिलं नाव किल्लीचं, दुसरं चोराचं. पहिल्यातला 'सीव्हीई'चा आकडा म्हणजे त्या फटीचा नोंदणी क्रमांक. बरेच जण चोर हाकलतात आणि फट तशीच उघडी ठेवतात.

ही फट आहे ऑफिसमधल्या इक्वेशन एडिटर नावाच्या जुन्या भागात. गणिती समीकरणं लिहिण्यासाठीचा हा छोटा प्रोग्राम, फाईलचं नाव ईक्यूएनईडीटी३२. तो २००० साली तयार झाला आणि पुढची सतरा वर्षं ऑफिसच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर तसाच येत राहिला. आता प्रोग्रामांत मेमरीचे पत्ते दर वेळी बदलण्याची, डेटाच्या जागेतून कोड चालू न देण्याची संरक्षणं असतात; त्यात ती नाहीत. समीकरणातल्या फॉन्टच्या नावासाठी ठरावीक लांबीची जागा राखलेली, पण येणारं नाव तेवढ्यात मावतं का हे तपासलेलं नाही. मुद्दाम लांब नाव दिलं की ते शेजारच्या मेमरीवर सांडतं आणि हल्लेखोराचा कोड चालू लागतो.

मॅक्रोचा यात काही संबंधच नाही, म्हणून पिवळी पट्टी आली नाही. शिवाय हा प्रोग्राम वर्डच्या पोटात न चालता वेगळा सुरू होतो, त्यामुळे वर्डला लावलेली बरीच बंधनं त्याला लागू पडत नाहीत.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१७ मध्ये ही चूक दुरुस्त केली. त्याच भागात आणखी एक सापडली, तेव्हा जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये इक्वेशन एडिटर काढूनच टाकला. ज्या मशिनवर तेव्हापासून ऑफिसची अपडेट बसलेली नाहीत तिथं ही फट आजही उघडी आहे. एजंटटेस्ला, फॉर्मबुक, लोकीबॉट हे तिन्ही चोर या वाटेनं येताना सर्रास दिसलेले आहेत.

आता परत का येतो. फट फक्त फाईल उघडताना वापरली जाते. रीस्टार्टनंतर येणारा चोर फटीतून येत नाही. तो आत बसलेला आहे आणि मशिन सुरू झाल्यावर आपल्याला उठवायची सोय त्यानं करून ठेवली आहे. ती सोय शोधायची.

कराडकर

एवढ्या खटाटोपापेक्षा सरळ फॉरमॅट मारा. दोन तासांचं काम.

कृष्णाकाठ

कराडकर, शेवटी फॉरमॅटवर येऊही, पण आधी नको. तीच मेल पेढीच्या इनबॉक्समध्ये अजून पडून आहे. नव्या विंडोजवर तेच ऑफिस २०१० अपडेटशिवाय टाकलं आणि कुणी ती फाईल परत उघडली, की पहिले पाढे पंचावन्न. शिवाय काय काय चोरीला गेलं असेल हे कळण्यासाठी चोर कुठला आणि कधीपासून आहे हे माहीत हवं. फॉरमॅटनं ते सगळं पुसलं जातं. आधी अर्धा तास तपासणीला द्या.

पेठभाग, दुसऱ्या चांगल्या मशिनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून दोन गोष्टी उतरवा: सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स (मशिन सुरू होताना आपोआप काय काय उठतं त्याची यादी दाखवतं) आणि मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून १० दिवसांनी कालबाह्य होतो, त्यामुळे मागच्या वर्षीची प्रत चालत नाही. दोन्ही कोऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. हा पेनड्राइव्ह आजारी मशिनला लागला की त्यालाही आजारी समजायचं आणि काम झाल्यावर चांगल्या मशिनवर काहीही न उघडता फॉरमॅट करायचा.

ऑटोरन्स 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. ऑप्शन्समध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' आणि स्कॅन ऑप्शन्समध्ये 'व्हेरिफाय कोड सिग्नेचर्स' यांवर खूण करून रिफ्रेश करा. शेकडो ओळींची यादी दोन-तीन डझनांवर येते. गुलाबी ओळ म्हणजे फाईलवर कंपनीची खात्रीशीर सही नाही. पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाईल जागेवर नाही. गुलाबी दिसली की लगेच चोर समजू नका. लहान कंपन्यांचे प्रिंटरचे, काट्याचे, बारकोडचे प्रोग्रामही गुलाबी दिसतात. नाव सोडा, पत्ता बघा. 'प्रोग्राम फाइल्स'मधलं बहुधा सरळ असतं. 'ॲपडेटा'च्या 'रोमिंग'मध्ये किंवा 'टेम्प'मध्ये अर्थहीन अक्षरांच्या नावाची फाईल असेल तर ती धरायची.

टॅब या क्रमानं पाहा: लॉगऑन, शेड्युल्ड टास्क्स, सर्व्हिसेस, इमेज हायजॅक्स, विनलॉगऑन, डब्ल्यूएमआय. शेवटच्या टॅबमध्ये साध्या घरगुती मशिनवर सहसा काहीच नसतं. तिथं ओळ दिसली तर इथं विचारा.

संशयित ओळ डिलीट करू नका. नुसती डावीकडची खूण काढा. चुकीची निघाली तर परत लावता येते.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून एक भर. डिफेंडरमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', मग 'मॅनेज सेटिंग्ज', मग तळाशी 'एक्सक्लूजन्स' (डिफेंडरनं तपासू नयेत अशा जागांची यादी) उघडून पाहा. तिथं काही असेल तर फोटो काढून इथं लिहा. आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'विंडोज डिफेंडर', 'ऑपरेशनल' या वाटेनं जा. तिथं १११६ म्हणजे सापडलं, १११७ म्हणजे कारवाई केली, ५००७ म्हणजे डिफेंडरची सेटिंग बदलली. पहिल्या १११६ च्या आसपास ५००७ आहे का ते महत्त्वाचं.

पेठभाग

सांगितल्याप्रमाणे केलं. वायर काढलेली आहे.

ऑटोरन्सच्या शेड्युल्ड टास्क्समध्ये 'अपडेट्स' नावाच्या फोल्डरात एक टास्क आहे, नाव नुसतं अक्षरांचं कडबोळं. तो ॲपडेटा-रोमिंगमधली ईएक्सई चालवतो. ओळ गुलाबी. एक्सक्लूजन्समध्ये त्याच फाईलचा पत्ता आहे. ५००७ ची नोंद वर्डची फाईल उघडली त्याच दुपारची, पहिल्या १११६ च्या आधीची. आणि डिफेंडरच्या नोंदीत दर वेळी पत्ता फाईलचा नसून 'रेगएसव्हीसीएस' या प्रोसेसचा आहे. तो तर मायक्रोसॉफ्टचाच प्रोग्राम ना?

दंडोबा

हो, रेगएसव्हीसीएस हा मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटचाच प्रोग्राम, आणि त्यातच कोडं सुटतं.

रोमिंगमधली फाईल नुसती वाहक आहे. ती रेगएसव्हीसीएस थांबलेल्या अवस्थेत सुरू करते, त्याच्या मेमरीतला मूळ कोड काढते आणि तिथं एजंटटेस्लाचा कोड भरून पुढे चालवते. टास्क मॅनेजरमध्ये नाव मायक्रोसॉफ्टचं, काम चोराचं. डिफेंडरनं मेमरीतला चोर ओळखला आणि मारला, म्हणून 'काढलं' म्हणतो ते खरंच आहे. पण वाहक फाईल एक्सक्लूजनमध्ये असल्यामुळे डिफेंडर तिच्याकडे बघतही नाही. पुढच्या लॉगऑनला टास्क वाहकाला उठवतो आणि चक्र पुन्हा सुरू.

एक्सक्लूजन टाकायला ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क लागतात. रोजचं काम ॲडमिन खात्यावर चालतं आणि 'यूएसी'ची (मशिनमध्ये बदल होण्याआधी परवानगी विचारणाऱ्या सोयीची) पट्टी पार खाली ओढलेली आहे, असं दिसतंय. तपासा. पुष्कळ ठिकाणी टॅलीच्या किंवा प्रिंटरच्या कटकटीपायी ती खाली ओढून ठेवतात.

काढण्याचा क्रम असा, आणि क्रम महत्त्वाचा:

१. एक्सक्लूजन काढा.
२. ऑटोरन्समध्ये त्या टास्कची खूण काढा.
३. त्या ईएक्सईचा हॅश (फाईलचा ओळख-आकडा) काढून ठेवा. कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल, जागा, वजा हॅशफाईल, जागा, फाईलचा पत्ता, जागा, एसएचए२५६. हा आकडा मोबाईलवर व्हायरसटोटलच्या (अनेक अँटीव्हायरसांचा निकाल एकत्र दाखवणाऱ्या साइटच्या) शोधात टाकता येतो. पेढीचे कागद असलेली फाईल मात्र तिथं चढवू नका, ती इतर सदस्यांना उतरवता येते.
४. रीस्टार्ट करून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन'. मशिन विंडोज पूर्ण सुरू न करता छोट्या वेगळ्या वातावरणात जातं, त्यामुळे चोर जागाच होत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात.
५. मग सेफ्टी स्कॅनरचा 'फुल स्कॅन'. हार्ड डिस्क असेल तर काही तास जातील. मधे फाईल मोजताना 'इन्फेक्टेड' म्हणून आकडा दिसतो तो कच्चा असतो. खरा निकाल शेवटी येतो. मधला आकडा पाहून घाबरून बंद करू नका.

ऑफलाइन स्कॅनसाठी डिफेंडरची व्याख्या (चोर ओळखण्याची यादी) ताजी हवी. वायर न जोडता ती दुसऱ्या मशिनवरून आणता येते: मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी इंटेलिजन्स पानावर एमपीएएम-एफई नावाची फाईल मिळते, ६४ बिटची घ्या.

पेठभाग

यूएसी खरंच पार खाली आहे. ऑफलाइन स्कॅन लावला, मशिन रीस्टार्ट झालं आणि काहीच न करता सरळ डेस्कटॉपवर आलं. दोनदा केलं.

कृष्णाकाठ

विंडोजचं रिकव्हरी वातावरण बंद असेल. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये रीएजंटसी, जागा, स्लॅश इन्फो. 'डिसेबल्ड' दिसलं तर रीएजंटसी, जागा, स्लॅश एनेबल, आणि स्कॅन परत लावा. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर क्लोन करताना रिकव्हरीचं विभाजन मागं राहिलेलं असेल तर 'एनेबल'ही होणार नाही. मग विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हचाच मार्ग.

प्रीतिसंगम

इथं सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी विचारते. आमच्याकडे लोक सातबारा, दाखले, फोटो झिपमध्ये किंवा पेनड्राइव्हवर घेऊन येतात. वर्ड आम्ही फारसं उघडत नाही, विनरार मात्र दिवसभर चालू असतं. त्याच्यातही अशी फट असते का?

दंडोबा

असते, ताई, आणि विनरारबद्दल मला जास्त काळजी वाटते. कारण ते स्वतःहून अपडेट होत नाही. एकदा बसवलं की आठ-आठ वर्षं तीच आवृत्ती चालते.

तीन फटी लक्षात ठेवा. २०१९ च्या सुरुवातीला उघड झालेली एसीई (झिपसारखाच एक जुना प्रकार) फायलींची: दाखवलेल्या फोल्डरऐवजी फाईल थेट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरात टाकता यायची, ५.७० मध्ये दुरुस्ती झाली. दुसरी सीव्हीई-२०२३-३८८३१: झिपमध्ये एक साधा फोटो किंवा पीडीएफ आणि त्याच नावाचा एक फोल्डर. फोटोवर डबल क्लिक केलं की फोल्डरातली स्क्रिप्ट चालायची. ऑगस्ट २०२३ मधल्या ६.२३ ला बंद झाली. तिसरी सीव्हीई-२०२५-८०८८: पुन्हा फाईल भलत्याच फोल्डरात पडण्याची, जुलै २०२५ च्या ७.१३ मध्ये दुरुस्त. तिन्ही फटी हल्ल्यांत प्रत्यक्ष वापरल्या गेल्या आहेत.

'हेल्प', 'अबाउट' उघडा. ७.१३ पेक्षा खालचा आकडा असेल तर आजच बदला. मग विंडोज आणि आर दाबून 'शेल कोलन स्टार्टअप' लिहा. उघडलेल्या फोल्डरात तुम्ही स्वतः न ठेवलेलं काही असेल, विशेषतः एलएनके, बॅट, व्हीबीएस किंवा ईएक्सई, तर इथं सांगितलेला सगळा क्रम तुमच्या मशिनलाही लागू.

कृष्णाकाठ

आणि पेनड्राइव्हवरचे फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसतात तेव्हा ते शॉर्टकट उघडू नका. फायली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. पेनड्राइव्हचं अक्षर ई असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये: ॲट्रिब, जागा, वजा एच, जागा, वजा आर, जागा, वजा एस, जागा, ई कोलन बॅकस्लॅश स्टार डॉट स्टार, जागा, स्लॅश एस, जागा, स्लॅश डी. मग शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट काढा. ही कमांड फायली दाखवते, चोर काढत नाही. मशिनमध्ये चोर असेल तर पेनड्राइव्ह परत लावल्याबरोबर पुन्हा शॉर्टकट होतील. मशिन आधी, पेनड्राइव्ह नंतर.

अक्षरजुळणी

साताऱ्यात डीटीपीचं काम करणाऱ्या बऱ्याच जणांच्या मशिनवर ऑफिसची अपडेट मुद्दाम बंद असतात, त्याचं कारण हाच इक्वेशन एडिटर आहे हे इथं नोंदवतो. शाळांच्या गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका इक्वेशन ३.० मध्ये टाईप केलेल्या आहेत. अपडेट झालं की समीकरण दिसतं, छापलं जातं, पण डबल क्लिक केल्यावर उघडत नाही. दरवर्षी त्याच प्रश्नपत्रिकेत आकडे बदलून द्यायचे असतात, म्हणून मंडळी अपडेट टाळतात. यावर उपाय काय?

दंडोबा

हे कारण खरं आहे आणि रास्तही आहे, पण उपाय आहे. मॅथटाईप हा वेगळा विकतचा प्रोग्राम इक्वेशन ३.० ची समीकरणं उघडतो, बदलू देतो. नवं काम वर्डच्या 'इन्सर्ट', 'इक्वेशन'मध्ये करा. ती सोय ऑफिस २००७ पासून आहे आणि या फटीशी तिचा संबंध नाही.

ते जमेपर्यंत ज्या मशिनवर जुना एडिटर ठेवायचाच आहे, तिथं इंटरनेट आणि मेल नको. जुन्या फॉन्टांसाठी ठेवलेल्या एक्सपीच्या मशिनलाही हाच नियम.

आणि अपडेट मिळतच नसेल, पण एडिटरची गरजही नसेल, तर रजिस्ट्रीतून तो बंद करता येतो. एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, कॉमन, सीओएम कम्पॅटिबिलिटी या वाटेवर महिरपी कंसात ०००२सीई०२-००००-००००-सी०००-००००००००००४६ या नावाची की, तिच्यात 'कम्पॅटिबिलिटी फ्लॅग्ज' नावाचा डीवर्ड, किंमत हेक्साडेसिमल ४००. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट ऑफिस असेल तर हीच की 'वाऊ६४३२नोड'खालीही करावी लागते. बहुतेकांची इथं चूक होते: एकाच जागी करतात आणि फट बुजली असं समजतात. करण्याआधी रजिस्ट्री 'एक्सपोर्ट' करून ठेवा. ही अक्षरं रोमनमध्ये टाईप करायची आहेत, हेही सांगून ठेवतो.

अजिंक्यतारा

लॅनवरच्या विंडोज ७ कडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालंय.

वर्ड, विनरार यांच्या फटींना कुणीतरी फाईल उघडावी लागते. काही फटींना कुणाचीच गरज नसते. एमएस१७-०१० ही त्यांतली: विंडोजच्या फाईल शेअरिंगच्या जुन्या एसएमबी १ मधली. दुरुस्ती १४ मार्च २०१७ ला आली आणि दोन महिन्यांनी, १२ मेला, याच वाटेनं वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. तिथं मशिन नुसतं चालू आणि लॅनवर असलं की पुरे; ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून चोर आत. म्हणून अशा फटीच्या बाबतीत क्रम उलटा असतो. वायर जोडण्याआधी पॅच लावायचा, नाहीतर साफ केलेलं मशिन लॅनवर येताच परत आजारी पडतं.

एजंटटेस्ला लॅनवरून स्वतःहून पसरत नाही, त्यामुळे पेठभाग, घाबरू नका. पण ती मेल बाकीच्या दोन मशिनवर कुणी उघडली नाही ना, एवढं बघा. विंडोज ७ ची मदत १४ जानेवारी २०२० ला संपली. ते मशिन हलवता येत नसेल तर निदान एमएस१७-०१० चा पॅच बसवा, आणि तिन्ही मशिनवर 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये एसएमबी १.० ची खूण काढा. विंडोज ७ वर त्या यादीत ती ओळ नसते, तिथं रजिस्ट्रीतून बंद करावं लागतं. टॅलीचा शेअर केलेला फोल्डर एसएमबी २ वर व्यवस्थित चालतो. जुन्या झेरॉक्स-स्कॅनर मशिनचं 'स्कॅन टू फोल्डर' मात्र बंद पडू शकतं, कारण त्यांतली बरीचशी फक्त एसएमबी १ बोलतात. त्यासाठी शेअरिंग परत उघडू नका. स्कॅन ईमेलवर किंवा यूएसबीवर घ्या.

पेठभाग

रीएजंटसी एनेबल झालं, ऑफलाइन स्कॅन पूर्ण झाला, रोमिंगमधली फाईल सापडून गेली. सेफ्टी स्कॅनरनं मेलमधून उतरवलेली वर्डची फाईल आणि तिची 'टेम्प'मधली प्रत काढली. दोन रीस्टार्ट झाले, इशारा नाही. आता हे मशिन चांगलं मानायचं का?

दंडोबा

घरचं असतं तर मी हो म्हणालो असतो. या मशिनवर बँक, जीएसटी आणि डिजिटल सही आहे, म्हणून मी नाही म्हणतो. कराडकरांचा फॉरमॅट आता करायचा.

कारण साधं आहे. एजंटटेस्ला सापडला. पण त्याच्याकडे ॲडमिनचे हक्क होते, आणि तेवढ्या दिवसांत त्यानं दुसरं काही आणून ठेवलं नाही याची खात्री कुठलाही स्कॅनर देत नाही. स्कॅनर ओळखीचं शोधतो.

नवं विंडोज चांगल्या मशिनवर मीडिया क्रिएशन टूलनं किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर तयार करा. 'रीसेट'मधला 'कीप माय फाइल्स' नको. इन्स्टॉल करताना डिस्कवरची सगळी विभाजनं डिलीट करून मोकळ्या जागेवर बसवा. त्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का पाहा; दुसऱ्या ड्राइव्हवर असेल आणि रिकव्हरी की नसेल तर तो डेटा कायमचा गेला. आणि विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे, तेव्हा मशिनला चालत असेल तर थेट ११ घाला.

डेटा घेताना फक्त डेटा घ्या. टॅलीचा डेटा मुळात 'यूजर्स', 'पब्लिक', 'टॅलीप्राइम', 'डेटा'मध्ये असतो. प्रत्येक कंपनीचा पाच-सहा अंकी फोल्डर. जागा बदललेली असू शकते, म्हणून टॅली उघडून डेटा पाथ वाचा आणि मगच कॉपी करा. टॅली बंद करून कॉपी करा, चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. दुसऱ्या मशिनवर ती प्रत उघडून ताळेबंद जुळतो का पाहिल्याशिवाय विभाजनं डिलीट करू नका. ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, एलएनके काहीही आणू नका. टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर, टोकनचा ड्रायव्हर, सगळं कंपनीच्या साइटवरून नवं उतरवा. जुन्या 'सॉफ्टवेअर' फोल्डरातल्या क्रॅक (परवाना चुकवून प्रोग्राम चालवणाऱ्या फायली) तिथंच राहू द्या. क्रॅक बसवताना 'अँटीव्हायरस बंद करा, फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाका' असं सांगितलेलं असतं; चोराला जे काम स्वतः करावं लागतं ते तिथं माणूसच करून देतो.

ऑफिस २०१० परत बसवू नका. त्याची मदत १३ ऑक्टोबर २०२० ला संपली. बिलं आणि पत्रांपुरतं काम असेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे आणि मराठी युनिकोड नीट चालतं.

कृष्णाकाठ

आता पासवर्ड. माझ्या मते या सगळ्या प्रकारात सर्वांत मोठं काम हेच, आणि बहुतेक जण ते अर्धं सोडतात.

एजंटटेस्ला कळा टिपतो, पडद्याचे फोटो घेतो, आणि ब्राउझरनं 'सेव्ह पासवर्ड' म्हणून जपून ठेवलेलं सगळं उचलतो. आउटलुक, थंडरबर्ड, फाईलझिला यांतलेही पासवर्ड त्याला मिळतात. गोळा केलेलं तो साध्या मेलनं, एफटीपीनं किंवा टेलिग्रामच्या बॉटवरून बाहेर पाठवतो. म्हणजे त्या मशिनवर कधी काळी सेव्ह केलेला प्रत्येक पासवर्ड गेला असं धरायचं. क्रम ठेवा: मेल पहिली, कारण बाकी सगळ्याचे पासवर्ड तिच्यावरून बदलता येतात. मग बँक, जीएसटी, ई-वे बिल, आयकर.

मेलचा पासवर्ड बदलून थांबू नका. सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' पाहा. तिथं अनोळखी पत्ता किंवा 'पेमेंट', 'इनव्हॉइस', 'बँक' असे शब्द असलेली मेल परस्पर दुसऱ्या फोल्डरात हलवणारा नियम असेल, तर हल्लेखोर मेलमध्ये बसून व्यवहार वाचतोय. यार्डात परगावचा खरेदीदार मेलवरचं बिल पाहून लाखांची रक्कम आरटीजीएस करतो. तेच बिल फक्त खातं क्रमांक बदलून पाठवलं की पैसे भलत्याच खात्यात. पेढीच्या सगळ्या खरेदीदारांना आजच फोन करून सांगा: आमचा खातं क्रमांक बदललेला नाही, बदलल्याची मेल आली तर आधी ओळखीच्या नंबरवर विचारा.

अजिंक्यतारा

टोकनबद्दल. त्यातली गुप्त की बाहेर कॉपी करता येत नाही, पण पिन टिपलेला असला आणि टोकन लावलेला असला तर त्या मशिनवरूनच सही करता येते. तो दिवसभर लावून ठेवायचाच नाही. पिन चांगल्या मशिनवर बदला. सलग चुकीचा पिन टाकला तर टोकन लॉक होतो, सावकाश टाका. मधल्या दिवसांत पोर्टलवर अनोळखी सही झालेली दिसली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवून ते रद्द करून घ्या.

खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर तत्क्षणी १९३० ला फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येतात, म्हणून इथं तास मोजायचे असतात. डिफेंडरच्या नोंदींचे फोटो आणि ती मूळ मेल तक्रारीसाठी जपून ठेवा. मेल फॉरवर्ड केली की मूळ हेडर जातात, म्हणून 'डाउनलोड मेसेज' करून ठेवा. आतली फाईल मात्र उघडू नका.

पेठभाग

मेलच्या फिल्टर्समध्ये एक नियम सापडला. 'आरटीजीएस' शब्द असलेली प्रत्येक मेल वाचलेली करून अर्काइव्हला टाकणारा. काढला, फोटो ठेवला. खरेदीदारांना फोन सुरू केलेत, बँकेला कळवलं.

एक शेवटचं. नवं विंडोज बसल्यावर पहिल्या दिवशी काय करून ठेवायचं?

दंडोबा

तो नियम सापडला हे फार बरं झालं. गेल्या काही दिवसांच्या अर्काइव्हमधल्या सगळ्या मेल एकेक करून वाचा, विशेषतः तुमच्या नावानं गेलेली उत्तरं. 'सेंट' आणि 'ट्रॅश'ही पाहा.

नव्या मशिनवर: रोजच्या कामाला स्टँडर्ड खातं, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा. यूएसीची पट्टी वरून दुसऱ्या खुणेच्या खाली नाही. डिफेंडरमध्ये 'टॅम्पर प्रोटेक्शन' (त्याची सेटिंग परस्पर बदलू न देणारी सोय) चालू. विंडोज अपडेट चालू, आणि लाईट जाण्याचा भरवसा नसेल तर अपडेट यूपीएसवर असतानाच. ब्राउझर दिवसातून एकदा पूर्ण बंद करा. अपडेट उतरलेलं असतं पण ब्राउझर परत उघडेपर्यंत लागू होत नाही, आणि पेढ्यांत तो महिनोन् महिने उघडाच असतो. विनरार ७.१३ किंवा पुढचं.

प्रीतिसंगम

आमचं ५.४० निघालं. बदललं. स्टार्टअप फोल्डर रिकामा आहे.

कृष्णाकाठ

ताई, केंद्रातल्या प्रत्येक मशिनवर प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात जाऊन तो फोल्डर पाहा. स्टार्टअप फोल्डर खात्यागणिक वेगळा असतो, आणि सगळ्यांचा मिळून एक आणखी असतो: 'शेल कोलन कॉमन स्टार्टअप'.